बीजासही वय असतें

गेल्या श्रावणांतील गोष्ट. आमच्या चुलत बंधूंच्या घरीं धाकट्या सुनेची मंगळागौर होती. पूजा, आरती, फराळ सर्व यथासांग झालें. माजघरांत झिम्मा-फुगड्यांस रंग भरला आणि आम्ही पुरुषमंडळी ओसरीवर पानसुपारी घेऊन बसलों. इतक्यांत आंतून एका वृद्ध आप्त बाईंचा आवाज ऐकूं आला. थोरल्या सुनेस त्या म्हणत होत्या, "अगं, सहा वर्षं झाली ना तुझ्या लग्नाला? आतां धाकटीचा पाळणा आधीं हलेल हो! कुलस्वामिनीला नवस तरी बोल." थोरलीनें उत्तर दिलें नाहीं. तिचा नवरा, म्हणजे आमचा पुतण्या, आमच्या शेजारींच बसला होता. तो खालीं मान घालून अडकित्त्यानें सुपारी कातरीत राहिला. त्याजकडे कोणीं पाहिलेंही नाहीं, आम्हींही नाहीं.

घरीं परततांना आमच्या कुटुंबानें वाटेंत विचारलें, "तिच्या तपासण्या तीन ठिकाणीं झाल्या, सोळा सोमवार झाले. त्याची एक तरी तपासणी झाली आहे का हो?" आम्ही म्हणालों, "त्याला काय झालंय? चांगला धडधाकट आहे." त्यावर ती एवढेंच म्हणाली, "थोरले भावजीही धडधाकटच होते."

त्या एका वाक्यानें आमची त्या रात्रीची झोंप गेली. तें कां, हें पुढें येईलच. पुतण्याचें वय ४३, सुनेचें ३४. घरांतील सर्वांचें बोट सुनेच्या वयाकडे होतें. पुतण्याच्या वयाकडे एकाचेंही नव्हतें. पुरुषाच्या वयाचा आणि संततीचा संबंध काय, हाच आजच्या लेखाचा विषय होय. हा विषय चारचौघांत काढण्याजोगा नाहीं, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. आम्हांसही पुष्कळ वर्षें तसेंच वाटत होतें. परंतु आपण न बोलल्यानें मर्यादा राखली जाते ती पुरुषाची, आणि बोल लागतो तो स्त्रीस, हें ध्यानीं आल्यावर आमचा तो संकोच गळून पडला.

प्रथम आपल्या प्राचीन वैद्यांचें मत पाहूं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भधारणेस शेताचा दृष्टांत दिला आहे. ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज, म्हणजे योग्य काळ, गर्भाशयरूपी भूमि, पोषक रस आणि बीज, हीं चार एकत्र आलीं तरच अंकुर फुटतो, असें तेथें प्रतिपादन आहे. शेत उगवलें नाहीं तर शहाणा कुणबी जमिनीस दोष देण्यापूर्वीं बियाणें मुठींत घेऊन पाहतो. आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक मात्र वर्षानुवर्षें भूमीच तपाशीत बसतों. चरकानेंही वाजीकरणाच्या प्रकरणांत पुरुषाच्या वयास सीमा घातली आहे. सोळाव्या वर्षापूर्वीं व सत्तराव्या वर्षानंतर स्त्रीसंग करूं नये, असें सांगून वृद्ध शरीरास त्यानें किडीनें पोखरलेल्या शुष्क काष्ठाची उपमा दिली आहे. तेव्हां पुरुष कितीही पिकला तरी त्याचें बीज सदैव ताजें, ही समजूत शास्त्राची नव्हे. ती आपल्या सोयीची आहे.

आतां अर्वाचीन शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवच्या लेव्हनहुक या गृहस्थानें सन १६७७ मध्यें आपल्या सूक्ष्मदर्शक भिंगाखालीं पुरुषाच्या वीर्यांतील शुक्रजंतु पाहिले व तें वृत्त लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. तेव्हांपासून आजपर्यंत जें ज्ञान जमलें आहे, त्याचें सार आमच्या परिचयाच्या एका दृष्टांतानें सांगतां येईल.

छापखाने नव्हते त्या काळीं पोथ्या हातानें उतरून घेत. स्त्रीच्या बाबतींत असें समजावें कीं, तिच्या सर्व पोथ्या ती आईच्या पोटांत असतांनाच लिहून होतात. जन्मकाळीं तिच्या ठायीं सुमारें १० ते २० लक्ष बीजें असतात, पुढें नवीं होत नाहींत. असलेलीं मात्र घटत व जुनीं होत जातात. वयाच्या पस्तिशीनंतर ही घट वेगानें होते, म्हणून तिच्या वयाचा विचार करावा लागतो, हें खरेंच. पुरुषाचा प्रकार निराळा. त्याच्या वृषणांत जणूं एक लेखक बसविलेला आहे व तारुण्यापासून मरेपर्यंत तो लिहीतच असतो. दररोज कोट्यवधि शुक्रजंतु तयार होतात. एकेकाची घडण पुरी होऊन तो बाहेर पडण्यास सुमारें अडीच महिने लागतात. लेखणी थांबत नाहीं, एवढ्यावरूनच आपण मानूं लागलों कीं पुरुषाच्या बीजास वार्धक्य नाहीं.

परंतु ज्यांनीं पोथ्या हाताळल्या आहेत, त्यांस यांतील मेख तत्काळ कळेल. हा लेखक प्रत्येक वेळीं मूळ पोथीवरून लिहीत नाहीं. तो प्रतीवरून प्रत व त्या प्रतीवरून पुन्हां प्रत करितो. ज्या मूळ पेशींपासून शुक्रजंतु होतात, त्या सुमारें दर १६ दिवसांस एकदां, म्हणजे वर्षांतून सुमारें २३ वेळां विभागतात, असा शास्त्रज्ञांचा रूढ अंदाज आहे. त्या हिशेबानें विसाव्या वर्षीं शुक्रजंतूच्या पाठीमागें अशा सुमारें १५० नकला झालेल्या असतात, तर चाळिसाव्या वर्षीं त्यांची संख्या सहाशेंच्या घरांत जाते. नकलेगणिक एखादें अक्षर चुकणें अपरिहार्य; आणि एकदां चुकलेलें अक्षर पुढील सर्व प्रतींत उतरतें.

ही केवळ उपमा नव्हे. जर्मनींतील श्टुटगार्टचे वैद्य व्हिल्हेल्म वाइनबर्ग यांनीं सन १९१२ मध्येंच असें टिपून ठेविलें होतें कीं, हातपाय आंखूड राहून उंची खुंटण्याचा एक जन्मजात विकार शेवटशेवटच्या अपत्यांत अधिक आढळतो. याचें कारण आईचें वय नसून बापाचें वय आहे, हें लायनेल पेनरोझ यांनीं सन १९५५ मध्यें दाखविलें. त्यापूर्वीं सन १९४७ मध्यें जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक विकाराचा अभ्यास करून असें अनुमान काढिलें कीं, असे नवे दोष स्त्रीबीजापेक्षां पुरुषबीजांत पुष्कळ अधिक उत्पन्न होतात. हेच हॉल्डेन सन १९५७ मध्यें आपल्या देशीं येऊन राहिले, पुढें भारताचे नागरिक झाले, आणि सन १९६४ मध्यें भुवनेश्वर येथें त्यांचा अंत झाला. अखेर सन २०१२ मध्यें आइसलंड बेटावरील संशोधकांनीं आई, बाप व अपत्य अशा ७८ त्रयींची संपूर्ण जनुकीय अक्षरमाला वाचून पाहिली. वीस वर्षांच्या बापाकडून अपत्यास सरासरी २५ नव्या चुका येतात, चाळीस वर्षांच्या बापाकडून ६५. म्हणजे बापाच्या वयाचें एक वर्ष वाढलें कीं सुमारें दोन चुकांची भर. आईकडून येणाऱ्या चुका सुमारें १५, व तिच्या वयानें त्यांत म्हणण्यासारखा फरक त्यांना आढळला नाहीं.

येथें वाचकांनीं घाबरून जाऊं नये. मनुष्याच्या या पोथींत सुमारें ३०० कोटी अक्षरें आहेत. त्यांत चाळीस अधिक चुकलीं तरी बहुतेक चुका अशा ठिकाणीं पडतात कीं अर्थास बाध येत नाहीं. चाळिशीनंतर बाप झालेल्यांचीं बहुसंख्य मुलें निरोगीच जन्मतात. कांहीं विरळा जन्मजात विकार, गर्भपात, तसेच स्वमग्नता व छिन्नमनस्कता या मनोविकारांचें प्रमाण बापाचें वय वाढलें असतां कांहींसें वाढतें, असें अनेक देशांतील पाहणींत दिसून आलें आहे. परंतु मूळचें प्रमाणच अल्प असल्यानें वाढलेलेंही अल्पच राहतें. भय नको, पण अज्ञानही नको.

अपत्याच्या प्रकृतीची गोष्ट झाली. आतां गर्भ राहण्याची. सन २०१५ मध्यें ९० अभ्यासांतील सुमारें ९३ हजार पुरुषांची माहिती एकत्र करून पाहण्यांत आली. वयाबरोबर वीर्याचें प्रमाण घटतें, शुक्रजंतूंची गति मंदावते, सुघटित जंतूंचा वांटा कमी होतो आणि त्यांच्यांतील डीएनएचे धागे अधिक तुटके आढळतात, असा निष्कर्ष निघाला. त्यांची दाटी मात्र वयानें फारशी घटलेली दिसली नाहीं. म्हणून कागदावर "संख्या पुरेशी" एवढें वाचून संतोष मानणें बरोबर नव्हे. वर्ग मुलांनीं भरलेला आहे, एवढ्यावरून परीक्षेचा निकाल सांगतां येत नाहीं, हें आमच्यासारख्या शिक्षकास कोणीं सांगावयास नको.

आतां त्या "थोरल्या भावजीं"ची कथा सांगतों. आमचे थोरले बंधु आमच्याहून १४ वर्षांनीं वडील. त्यांच्या २७ व्या वर्षीं त्यांस कन्या झाली. पुढें कांहीं वर्षांनीं पहिल्या वहिनी दुखण्यानें गेल्या. ४६ व्या वर्षीं त्यांनीं दुसरा विवाह केला. नव्या वहिनी ३१ वर्षांच्या. दोन वर्षें झालीं, पांच झालीं; मूल झालें नाहीं. औषधें वहिनींनीं घेतलीं, उपास वहिनींनीं केले, शस्त्रक्रियाही त्यांचीच झाली. एका डॉक्टरांनीं "यजमानांचीही तपासणी करूं" असें सुचविलें, तेव्हां आमच्या मातोश्री म्हणाल्या, "त्याला तर मुलगी आहे. त्याची कसली तपासणी?" आम्ही तेथेंच होतों. आम्ही शिक्षक, तर्कशुद्ध बोलावें असें मुलांस शिकविणारे. आम्हींही मान डोलविली. सत्ताविसाव्या वर्षींची साक्ष शेहेचाळिसाव्या वर्षीं कशी चालेल, एवढी साधी शंका आमच्या मनास शिवली नाहीं.

घरांत कोणाचें डोहाळजेवण असलें म्हणजे स्वयंपाक वहिनींच्याच हातचा असे. ओटी भरावयास मात्र त्यांस कोणी बोलावीत नसे. त्या स्वयंपाकघरांतच कांहींतरी काम काढून बसत. हें आम्ही डोळ्यांनीं पाहत होतों. आज बंधु नाहींत, वहिनीही नाहींत. दोष कोणांत होता, किंवा दोघांतही नव्हता, हें आतां कधींच कळणार नाहीं. तें कळून घेण्याचा प्रयत्न आम्हीं अर्ध्या बाजूनेंच केला, आणि उरलेल्या अर्ध्याचा भार एका निरपराध बाईच्या माथीं ठेविला, ही आमची चूक आहे. व ती आम्ही येथें उघड कबूल करितों.

विशेष लाज याची वाटते कीं, त्याच वर्षांत आम्ही वर्गांत रघुवंशाचा पहिला सर्ग शिकवीत होतों. दिलीप राजास संतति नाहीं. तो काय करितो? राणी सुदक्षिणेस एकटीला नवससायासांस धाडीत नाहीं. दोघें एकाच रथांतून वसिष्ठाच्या आश्रमीं जातात. आणि वसिष्ठ ध्यान लावून कारण सांगतात तें कोणाच्या हातून घडलेलें? राजाच्या. वाटेंत कामधेनूस प्रदक्षिणा घालण्याचें त्याच्याकडून राहिलें होतें. राजा तें ऐकून रागावत नाहीं, "माझी प्रकृति उत्तम आहे" असेंही म्हणत नाहीं. तो २१ दिवस नंदिनीच्या मागून रानांत फिरतो, आणि राणी आश्रमांत आपल्या वांट्याचें व्रत पाळते. अन्वय, समास, अलंकार सर्व आम्हीं मुलांस सांगितलें. घरांतील वहिनी मात्र आम्हांस दिसली नाहीं.

असो. आतां कांहीं व्यावहारिक गोष्टी सांगतों. त्या जाणत्या डॉक्टरांच्या सल्ल्यास पर्याय नव्हेत, एवढें लक्षांत असूं द्यावें.

पतिपत्नी नियमानें एकत्र असून १२ महिन्यांत गर्भ राहिला नाहीं, तर दोघांनींही वैद्यकीय सल्ला घ्यावा. पत्नी ३५ च्या पुढें असल्यास सहा महिन्यांनींच घ्यावा. अशा जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटें किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीनें, आढळतें. पुरुषाची प्राथमिक तपासणी सोपी, अल्प खर्चाची व वेदनारहित आहे; म्हणून ती प्रारंभींच व्हावी. तपासणीपूर्वीं २ ते ७ दिवस ब्रह्मचर्य पाळावें लागतें. जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०२१ मध्यें ज्या किमान मर्यादा दिल्या आहेत, त्यांत वीर्य १·४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्यें १ कोटी ६० लक्ष शुक्रजंतु, आणि शेंकडा ४२ गतिमान, असे आंकडे आहेत. परंतु हे आंकडे उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचे नव्हेत. वर्षभरांत ज्यांस अपत्याचा योग आला, अशा पुरुषांतील खालच्या शेंकडा पांचांची ती रेषा आहे. रेषेखालींही कांहीं बाप होतात, रेषेवरही कांहींस अडचण येते. एका तपासणीवर निर्णय करूं नये. ताप येऊन गेला असला तरी दोनतीन महिने आंकडे खालीं येतात.

वय मागें नेतां येत नाहीं. पण वयाच्या भरीस आपण जें घालतों तें काढतां येतें. तंबाखू, मग ती ओढण्याची असो वा चघळण्याची, अति मद्य, वाढलेली ढेरी, दुर्लक्षिलेला मधुमेह, वृषणांस सतत पोंचणारी उष्णता, हीं सर्व शुक्रजंतूंचीं शत्रु आहेत. वृषणाभोंवतालच्या शिरा फुगण्याचा विकार पुष्कळांस असतो व त्यावर उपचार आहे. लेखकाची नवी वही भरण्यास अडीच महिने लागतात, म्हणून सुधारणेचें फळही तितक्याच धीरानें पाहावें.

एक इशारा मात्र विशेष. चाळिशीनंतर पुरुषाच्या अंगांतील टेस्टोस्टेरॉन हळूहळू, वर्षास सुमारें शेंकडा एक या मानानें घटतें. तें भरून काढण्यासाठीं व्यायामशाळांतून इंजेक्शनें सुचविलीं जातात. ज्यास अपत्य हवें आहे, त्यानें हीं कदापि घेऊं नयेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालें कीं मेंदू वृषणांस काम थांबविण्याचा संदेश देतो, आणि शुक्रजंतूंची उत्पत्ति जवळजवळ बंदही पडूं शकते. पौरुष वाढविण्यासाठीं घेतलेलें औषध बीजच नाहींसें करितें.

"आतां काय, विज्ञानानें सर्व होतें," असेंही कोणी म्हणतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयांत सन १९८६ मध्यें नळींत फलित केलेल्या बीजापासून मूल जन्मास आलें. सन १९९२ मध्यें ब्रुसेल्स येथें एकच शुक्रजंतु सुईनें स्त्रीबीजांत सोडण्याची युक्ति सिद्ध झाली. यांमुळें अनेक घरीं पाळणे हलले, हें निर्विवाद. परंतु सुई जंतूस बीजापर्यंत पोंचविते; त्याच्यांतील चुकलेलें अक्षर ती दुरुस्त करीत नाहीं. आपल्या देशांतील सन २०२१ च्या कायद्यानेंही अशा उपचारांस स्त्रीसाठीं ५० व पुरुषासाठीं ५५ वर्षांची मर्यादा घातली आहे. म्हणून शिक्षण, नोकरी, घरासाठीं काढलेलें कर्ज या पायऱ्या चढतां चढतां "पुरुषाला काय घाई?" असें म्हणणाऱ्या आईबापांनीं या प्रश्नाचा पुन्हां विचार करावा.

मंगळागौरीनंतर आठ दिवसांनीं आम्हीं पुतण्यास आपल्या घरीं बोलाविलें व थोरल्या बंधूंची हकीकत त्यास सांगितली. प्रथम तो चिडला. "काका, मी रोज दोन तास व्यायाम करतो. माझ्यांत काय खोट आहे?" आम्ही म्हणालों, "खोट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पाहिलें नाहीं, एवढेंच म्हणतों." बराच वेळ तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, व्यायामशाळेंतल्या एकाच्या सांगण्यावरून गेलें वर्षभर तो इंजेक्शनें घेत आहे, आणि हें त्यानें पत्नीसही सांगितलेलें नाहीं.

पुढल्या आठवड्यांत दोघें मिळून डॉक्टरांकडे गेलीं. अहवालांत शुक्रजंतु अगदींच थोडे निघाले. इंजेक्शनें बंद केलीं आहेत. कांहीं महिन्यांनीं पुन्हां तपासणी व्हावयाची आहे. फळ काय येईल, तें आज कोणासच सांगतां येणार नाहीं; वर्षें दोघांचींही पुढें गेलीं आहेत. हें सर्व त्या उभयतांच्या अनुमतीनेंच आम्हीं लिहिलें आहे. सुनेनें एवढेंच सांगितलें, "काका, लिहा. फक्त आमचीं नांवं नकोत."

परवां दसऱ्याचें सोनें द्यावयास आम्ही बंधूंच्या घरीं गेलों, तेव्हां त्याच आप्त बाई तेथें होत्या आणि त्यांनीं तोच प्रश्न थोरल्या सुनेस पुन्हां केला. या वेळीं उत्तर पुतण्यानें दिलें. ओसरीवरून उठून तो आंत गेला आणि म्हणाला, "आजी, औषध मला चालू आहे." माजघरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग आजींनीं सुनेस जवळ बसवून घेतलें व चहा झाला का म्हणून विचारलें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा प्रश्न सुनेस विचारला जातो, तेथील कर्त्या पुरुषांनीं तो ओसरीवर मागवून घ्यावा, इतकीच आमची विनंति आहे.